भोंग्याच्या हाकेवरचं घर

१८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी सूत कातणारी कंपनी काढली आणि गिरणीसाठी जागा निवडली ती ताडदेवची. कोटातल्या जागा महाग होत्या, ताडदेव तेव्हा शहराच्या कडेला होतं. फेब्रुवारी १८५६ मध्ये तिथल्या चात्या फिरू लागल्या. पुढे अमेरिकेत यादवी पेटली, कापसाला सोन्याचा भाव आला आणि १८६५ मध्ये तो कोसळून अनेक पेढ्या बुडाल्या. त्या पडझडीतून शहर सावरलं तेव्हा गिरण्यांची खरी रांग लागली. भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, लोअर परळ, शिवडी. या भागात जमीन स्वस्त होती, आगगाडीचा रूळ जवळ होता, बाष्पयंत्राला लागणारं पाणी तळ्यांतून मिळत होतं.

परळला तेव्हा गव्हर्नरचा बंगला होता. मोठी बाग, झाडी, तळं. गिरण्यांच्या चिमण्या जवळ येऊ लागल्या तशी इथल्या चांगल्या हवेची ख्याती गेली. गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी याच बंगल्यात कॉलऱ्याने वारल्या आणि १८८० च्या दशकात गव्हर्नरांचा मुक्काम मलबार हिलच्या टोकाला हलला. १८९९ मध्ये त्या रिकाम्या बंगल्यात डॉ. हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा आली. ज्यांना परवडत होतं ते धुरापासून दूर गेले आणि ज्यांना काम हवं होतं ते धुराजवळ आले. १८७२ मध्ये मुंबईत साडेसहा लाखांच्या आत माणसं होती, १९११ मध्ये पावणेदहा लाखांहून जास्त, १९२१ मध्ये पावणेबारा लाख. वाढलेल्या या माणसांतला फार मोठा हिस्सा ताडदेव ते परळ या पट्ट्यात सामावला. त्याला पुढे गिरणगाव म्हणू लागले.

या पट्ट्यातल्या राहणीबद्दल सरकारी अहवालांनी कागद भरून काढले आहेत. अंधारी खोली, ओली जमीन, एका नळावर पन्नास घरं, दाराशी गटार. हे सगळं खरं होतं. पण त्याच अहवालांतून एक समजूतही पसरली: कामगार अडाणी आहे, त्याला स्वच्छतेची आवड नाही, म्हणून तो अशा ठिकाणी राहतो. ही समजूत चुकीची होती आणि तिच्यामुळे शहराचं मोठं नुकसान झालं. गिरणी कामगाराने घर कुठे करायचं हे अतिशय काटेकोर हिशेबाने ठरवलं होतं. घरं बांधणाऱ्यांनी तो हिशेब कधी मांडून पाहिला नाही.

मुंबईत येणाऱ्या गिरणी कामगारांत सर्वांत मोठी संख्या रत्नागिरी जिल्ह्याची होती. तेव्हा त्या जिल्ह्यात आजचा सिंधुदुर्गही येत असे. १९११ च्या आसपास गिरण्यांतले जवळजवळ निम्मे कामगार तिथले होते. डोंगरउताराची तुटपुंजी शेती, वर खोतीचा जाच, भात चार-सहा महिने पुरणार आणि उरलेलं वर्ष पैशाच्या शोधात जाणार. रेल्वे तिथे पोहोचायला १९९० चं दशक उजाडावं लागलं, पण समुद्र होता. हर्णै, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत आगबोट मुंबईला येई. कुळवाडी घरातला मोठा मुलगा शेतावर थांबे आणि धाकटा आगबोटीच्या डेकवर पथारी टाके. घाटावरून, म्हणजे सातारा, पुणे, कोल्हापूर भागातून माणसं आली ती आधी गोदीत आणि हमालीत, मग गिरणीत.

या माणसांना मुंबईत घर शोधावं लागलं नाही. आपल्या गावचा माणूस कुठे राहतो एवढं शोधावं लागलं.

लालबाग-परळच्या चाळींत अमुक गावची खोली, तमुक वाडीची खोली अशाच नावाने गाळे ओळखले जात. गावकऱ्यांनी मिळून घेतलेली एक खोली, तिचं भाडं वर्गणीतून. दहा बाय बाराच्या अशा खोलीत सामान किती, तर भिंतीला ओळीने लावलेल्या पत्र्याच्या ट्रंका, वर दोरीवर किंवा फळीवर वळकट्या, खुंट्यांवर सदरे आणि कोपऱ्यात पाण्याचं पिंप. प्रत्येकाच्या मालकीची जागा म्हणजे एक ट्रंक आणि एक वळकटी. स्वयंपाक खोलीत नाही. झोपणं पावसाळ्यात आत, एरवी गॅलरीत, जिन्यात, फुटपाथवर. गिरण्या दोन-तीन पाळ्यांत चालू लागल्या तेव्हा एकाच चटईवर तीन वेळा माणूस बदलू लागला. खोलीचा कारभार पाहणारा एक जाणता माणूस असे. वर्गणी कोणाची थकली, कोण दारूला लागला, कोणाच्या घरची मनीऑर्डर चुकली, याची खबर त्याला आणि त्याच्यामार्फत गावाला. खोलीच्या शिलकीतून गावच्या देवळाचा कळस व्हायचा, शाळेला पत्रे जायचे, मेलेल्याच्या घरी पैसे जायचे. शिमग्याला आणि गणपतीला निम्मी खोली रिकामी होई. खोलीतल्या माणसाची हजेरी गावात लागायची आणि गावातल्या वागण्याचा जाब खोलीत विचारला जायचा.

हीच रीत गोव्याच्या माणसांनीही मुंबईत रुजवली होती. धोबीतलाव, माझगाव, डोंगरी भागांत गोव्याच्या एकेका गावाचा कूड, म्हणजे सामायिक निवास, होता. सभासद बहुतेक ख्रिस्ती, आणि त्यांतले कितीतरी बोटीवर नोकरी करणारे तारवटी. बोट लागली की कुडात यायचं, पेटी ठेवायची, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून प्रार्थना म्हणायची, पुढच्या बोटीची वाट पाहायची. धोबीतलावच्या जेर महाल इमारतीत असे कूड अजून आहेत. नोकरी देणारी कंपनी परक्या मुलखातली होती, राहणं मात्र साष्टी-बारदेशच्या गावांतच, असा तो प्रकार. कोकणातल्या हिंदू कुळवाड्याने आणि गोव्याच्या ख्रिस्ती तारवट्याने एकमेकांना न विचारता एकच उत्तर काढलं, याचा अर्थ अडचणही एकच होती.

जेवणाची सोय खानावळीत. खानावळ म्हणजे पाटी लावलेलं हॉटेल नव्हे. चाळीतल्याच एखाद्या बिऱ्हाडातली बाई दहा-पंधरा माणसांना दोन वेळा जेवू घाली, डबा गिरणीच्या फाटकाशी पोहोचवी. नवऱ्याची गिरणी सुटली, नवरा खोकून खोकून अंथरुणाला खिळला किंवा वारला, की त्या बाईच्या हाती चूल एवढंच भांडवल राहत असे. जेवणारे बहुधा तिच्याच मुलखातले, म्हणून कालवणाला नारळ आणि कोकम ठरलेलं. पैसे महिन्याच्या पगाराला. गावाला गेला किंवा उपास धरला तर तेवढे खाडे वजा. संप झाला की खानावळवालीचा जीव टांगणीला लागे, कारण वाण्याचं देणं तिच्या डोक्यावर आणि जेवणाऱ्यांच्या हातात पैसा नाही. तरी तिने पानं वाढायची थांबवली नाहीत. गिरणगावच्या इतिहासात पुढाऱ्यांची नावं पुष्कळ येतात, या बायकांची फार उशिरा आली. १९७५ मध्ये, मूळच्या गोव्याच्या आणि गोवामुक्तीच्या चळवळीतून आलेल्या कामगार कार्यकर्त्या प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि सावकाराच्या विळख्यातल्या खानावळवाल्यांना बँकेची कर्जं मिळवून दिली. सुरुवात अवघ्या १४ बायकांपासून झाली होती.

आता त्या हिशेबाकडे वळू.

गिरणीत काम पक्कं नसे. रोज पहाटे फाटकाशी बदली कामगारांचा घोळका उभा राही. आज किती जण गैरहजर आहेत ते पाहून मुकादम बोट दाखवी, तेवढे आत जात, बाकीचे दुसऱ्या गिरणीच्या फाटकाकडे धावत. ज्याचं घर चार फाटकांच्या टप्प्यात, त्याला एका सकाळी चार वेळा नशीब अजमावता येई. ज्याचं घर दूर, तो एका फाटकावर नाकारला गेला की त्याचा दिवस बुडाला. पक्क्या कामगारालाही दूर राहणं परवडणारं नव्हतं. आधी गिरणी उजाडल्यापासून मावळेपर्यंत चालत असे. १९०५ च्या सुमारास विजेचे दिवे आले आणि दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणला गेला. दहा तासांची मर्यादा मिळायला १९२० च्या आसपासचे मोठे संप व्हावे लागले. चौदा तास उभं राहून साचा चालवलेल्या माणसाने तासभर चालत घरी जायचं, आणि पहाटे भोंग्याआधी पुन्हा तेवढंच चालायचं, हे होणारं नव्हतं. ट्रामला पैसे पडत, आणि पहाटेच्या पहिल्या भोंग्याला ती उपयोगाचीही नव्हती. १९२० च्या दशकातल्या एका अंदाजानुसार दहांपैकी नऊ गिरणी कामगार आपल्या गिरणीपासून पायी पंधरा मिनिटांच्या आत राहत होते.

दुसरी बाब उधारीची. पगार महिन्याचा, तोही पुढच्या महिन्यात दहा-पंधरा दिवस उलटल्यावर हाती पडे. म्हणजे नव्या माणसाला काम लागल्या दिवसापासून दीड महिना बिनपैशाने काढायचा. हा दीड महिना कोण काढून देणार? खोलीतले गाववाले, खानावळवाली, आणि कोपऱ्यावरचा वाणी. वाणी उधार देई ते ओळखीवर. माणूस कुठल्या खोलीत राहतो, कोणाचा भाचा, कुठल्या खात्यात, मुकादम कोण, एवढं कळलं की वहीत नाव चढे. मुकादम स्वतःही याच गल्लीत राहत असे. काम देणारा तोच, वेळेला कर्ज देणारा तोच, कधी खोली मिळवून देणाराही तोच. गल्ली बदलली की वाण्याची वही, मुकादमाची ओळख, खानावळीतली पत सगळं पुन्हा शून्यापासून. वस्ती सोडणं म्हणजे पतपेढी सोडणं होतं.

या दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या की १९२१-२२ मध्ये सरकारच्या लेबर ऑफिसने केलेल्या पाहणीचा आकडा वेगळाच दिसू लागतो. पाहिलेल्या कामगार कुटुंबांपैकी ९७ टक्के एकाच खोलीत राहत होती. एक खोली हा गरिबीचा पुरावा आहेच. पण गिरणीजवळची एक खोली आणि लांबच्या दोन खोल्या यांत निवड करायची वेळ आली तरी कामगार पहिलीच निवडी, आणि हे नंतर सिद्धही झालं.

त्याआधी प्लेग येऊन गेला होता. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. पुढच्या सहा महिन्यांत जवळजवळ निम्मं शहर, चार लाखांच्या आसपास माणसं, मुंबई सोडून गेली. गिरण्यांना माणूस मिळेना. महिन्याचा पगार उशिराने देणारे मालक रोजच्या रोज रोख मोजू लागले, नाक्यांवर मजुरांसाठी बोली लागू लागली, काही गिरण्यांनी आपल्या आवारात झोपड्या उभारून माणसं धरून ठेवली. कामगाराने पहिल्यांदाच जागा सोडण्याचं हत्यार वापरलं होतं, आणि तेही जिवाच्या भीतीने. प्लेगच्या धास्तीने सरकार जागं झालं. १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने गल्ल्या पाडून हवा येणारे रस्ते काढले, दादर-माटुंग्याच्या नव्या वसाहती आखल्या, आग्रीपाडा, नागपाडा, परळ अशा ठिकाणी स्वतःच्या चाळीही बांधल्या. पण पाडलेल्या खोल्या बांधलेल्यांपेक्षा अधिक होत्या. घर मोडलेला कामगार दादरच्या नव्या वसाहतीत गेला नाही. तो शेजारच्या चाळीत शिरला आणि तिथली गर्दी वाढली. दादर-माटुंग्याला गेला तो कारकून, वकील, शिक्षक. त्याची कचेरी दहाला उघडे, त्याचा पगार ठरलेल्या दिवशी होई आणि त्याला आगगाडीचा पास परवडे. त्याच्या अंगी जास्त शहाणपण होतं म्हणून तो मोकळ्या हवेत गेला असं नाही. त्याच्या नोकरीनेच त्याला ती मोकळीक दिली होती.

पहिल्या महायुद्धानंतर गिरण्या जोरात होत्या, कामगार दीड लाखाच्या घरात, आणि भाडी भडकलेली. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी मोठा बेत आखला. १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजे बीडीडी, हे स्वतंत्र खातं उघडलं. समुद्र हटवून बॅक बेची जमीन काढायची आणि कामगारांसाठी ६२५ चाळींत ५०,००० खोल्या बांधायच्या. पैशासाठी कर्ज काढलं आणि मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गासडीमागे एक रुपया जकात बसवली. नायगाव, डिलाइल रोड, शिवडी आणि वरळी या चार जागा ठरल्या. चाळींचा नकाशा एकच: तळमजला आणि वर तीन मजले, मजल्याला वीस खोल्या, मध्ये बोळ, टोकाला सामायिक संडास-मोऱ्या. खोली १६० चौरस फुटांची. साहित्य सिमेंट काँक्रीटचं, तेव्हाचं अगदी नवं.

वरळीच्या वाट्याला सर्वांत मोठा हिस्सा आला, १२१ चाळी. सरकारी मोकळी जमीन तिथे होती म्हणून.

चाळी उभ्या राहिल्या आणि वरळीत माणसं येईनात. खोल्यांना खिडक्यांऐवजी काँक्रीटच्या पक्क्या झडपा होत्या. त्या उघडता येत नसत, उजेड कमी आणि पावसाची झड मात्र आत. उन्हाळ्यात काँक्रीट तापे. हे दोष लोकांनी कदाचित सोसलेही असते, कारण खासगी चाळी काही याहून बऱ्या नव्हत्या. खरी अडचण चाळीच्या बाहेर होती. रस्त्यावर दिवे नाहीत, बाजार नाही, ट्राम नाही. परळ-लालबागच्या फाटकाला जायचं तर अंधारात दोन-तीन किलोमीटर तुडवायचे. उधार देणारा वाणी नाही, खानावळ नाही, गावची खोली नाही. भाडं सरकारने पदरचं घालून उतरवलं तरी ते जुन्या चाळीतल्या खोलीहून फारसं स्वस्त पडत नव्हतं. शिवाय सरकारी खोलीत एकाच्या नावावर दहा जणांनी राहायला मनाई. म्हणजे गाववाल्यांनी भाडं वाटून घेण्याची जी युक्ती होती तिच्यावरच घाव.

त्याच नकाशाच्या, त्याच काँक्रीटच्या डिलाइल रोडच्या चाळी गिरण्यांच्या कुशीत होत्या आणि त्या भरल्या. एवढ्या फरकावरून खात्याला कळायला हवं होतं. कळलंही असेल, पण तोवर पैसा वरळीत ओतून झाला होता. बॅक बेच्या योजनेतल्या उधळपट्टीवर काँग्रेसचे पुढारी के. एफ. नरिमन यांनी रान उठवलं, खातं बदनाम झालं, आणि घरांचा बेत १६,००० च्या पुढे थोडं जाऊन २०७ चाळींवर थांबला. शहरात लाखो माणसं एका खोलीत दाटलेली आणि वरळीत चाळीच्या चाळी ओस, असं चित्र काही वर्षं राहिलं. सविनय कायदेभंगाच्या काळात सरकारला तुरुंग अपुरे पडले तेव्हा वरळीच्या रिकाम्या चाळींत सत्याग्रहींना डांबलं. या चाळी मुळात तुरुंग म्हणूनच बांधल्या होत्या अशी दंतकथा अजून ऐकू येते, ती इथून निघाली असावी.

मालकांनीही काही चाळी बांधल्या होत्या. गिरणीला लागून, भाडं कमी, तरीही कामगार तिथे जायला कां-कूं करी. कारण उघड होतं. संप केला की नोकरीबरोबर छप्परही जाणार. खासगी चाळीचा मालक भाड्यासाठी ओरडेल, पण तो गिरणीचा मालक नव्हता. १९२८ साली एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सहा महिने गिरण्या बंद राहिल्या. त्यातून गिरणी कामगार युनियनसारखी प्रचंड संघटना उभी राहिली. त्या सहा महिन्यांत हजारो माणसं कोकणात परतली, मागे उरलेल्यांना वाण्याच्या वहीने आणि खानावळीने जगवलं. चाळीच्या गॅलरीत सभा होत, फाटकावर कोण चोरून चाललंय ते खिडकीतून दिसे. दीड लाख माणसं शहरभर विखुरलेली असती तर हा संप पंधरवडाही टिकला नसता. घरासाठी केलेली निवड अशी लढ्याच्या कामी आली.

मात्र ही निवड सगळ्यांना सारखी नव्हती. मदनपुऱ्यात उत्तर प्रदेशातले मोमीन विणकर एकत्र राहिले, तेलंगणातून आलेल्यांनी कामाठीपुऱ्याला नाव दिलं. आपल्या माणसांत राहण्याचा ओढा त्यांच्यातही होता. पण महार, चांभार, मांग कामगाराला सवर्ण मालकाच्या चाळीत पैसे देऊनही खोली मिळत नसे. गिरणीत त्याला कातण खात्यात घेत, साचेखात्यात, म्हणजे विणकामात, नाही. साच्यावर पगार जास्त. धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढावं लागतं आणि त्या धोट्याला अस्पृश्याचं तोंड लागलेलं सवर्ण विणकराला चालत नाही, एवढंच त्यामागचं कारण. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न उघडपणे मांडला. ज्याला खासगी चाळ बंद, त्याला नगरपालिकेची, ट्रस्टची आणि पुढे बीडीडीची खोली हाच आधार. बाबासाहेब स्वतः परळच्या पोयबावडीला ट्रस्टच्या चाळीत जवळजवळ दोन दशकं राहिले. कोलंबिया आणि लंडनहून पदव्या घेऊन परतलेला हा विद्वान दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, एकीत संसार आणि दुसरीत अभ्यास, असा राहत होता. दादरच्या हिंदू कॉलनीत पुस्तकांसाठी बांधलेल्या राजगृहात ते गेले ते १९३० च्या दशकात. नायगाव, डिलाइल रोड आणि वरळीच्या बीडीडी चाळींत दलितांच्या चाळी वेगळ्या ओळखल्या जाऊ लागल्या त्या खासगी चाळींची दारं अशी बंद असल्यामुळे. १९७४ च्या जानेवारीत वरळीला दलित आणि सवर्णांमध्ये दंगल पेटली तेव्हा या चाळी-चाळींतल्या रेषा साऱ्या महाराष्ट्राला दिसल्या. गावकीच्या खोलीचं कौतुक करताना हे विसरून चालणार नाही, की गावाबरोबर गावकुसाची भिंतही आगबोटीने मुंबईला आली होती.

वरळी अखेर भरली. रस्ते झाले, बसगाड्या आल्या, दुसऱ्या महायुद्धात गिरण्या तिन्ही पाळ्यांत धावू लागल्या आणि शहरात पाय ठेवायला जागा उरली नाही. भाडेनियंत्रणाने भाडी गोठली, मग कोणीच खोली सोडेना. बायका-मुलं गावाहून आली, खोलीत पोटमाळा चढला, मोरी आत आली. एकेकाळी ओस पडलेल्या चाळींत खोली मिळवायला वशिला लागू लागला. डिलाइल रोडला ना. म. जोशी यांचं नाव मिळालं. सोशल सर्व्हिस लीग काढून त्यांनी याच वस्तीत रात्रशाळा आणि वाचनालयं चालवली होती.

१८ जानेवारी १९८२ ला कामगार पुढारी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही, गिरण्या मात्र एकेक करून बंद पडल्या. भोंगा गेला तसा जवळ राहण्याचा हिशेबही मोडला. लालबागची खोली पागडीने देऊन कोणी डोंबिवलीला गेलं, कोणी नालासोपारा-विरारला, कोणी कायमचं गावाला. गिरण्यांच्या जमिनींवर मॉल आणि काचेचे मनोरे उभे राहिले. तिथे कामाला येणारी नवी माणसं लोकलमधून लोंबकळत येतात, कारण लोअर परळला नोकरी आहे म्हणून लोअर परळला राहावं, हे त्यांच्यातल्या बहुतेकांना परवडणारं नाही.

गिरण्यांच्या जमिनीचा एक वाटा कामगारांच्या घरांसाठी ठेवण्याचा नियम झाला, म्हाडाने सोडती काढल्या, हजारोंना घरं मिळाली. पण अर्ज पावणेदोन लाखांच्या आसपास होते. उरलेल्यांसाठी सरकारने कर्जत रेल्वेमार्गावरच्या शेलू आणि वांगणीला घरं देऊ केली. परळहून लोकलने तिथे पोहोचायला दीड तासाच्या आसपास लागतो. ९ जुलै २०२५ रोजी सत्तरी-पंचाहत्तरीचे गिरणी कामगार, त्यांच्या विधवा आणि वारस आझाद मैदानावर जमले. मागणी एकच होती: घर द्या, पण मुंबईत द्या. आता त्यांना कुठल्या फाटकाशी उभं राहायचं नव्हतं. इथली गिरणी आमच्या घामावर चालली, तिच्या जमिनीचा दाम वाढला तोही आमच्यामुळे, म्हणून घर इथेच, असं त्यांचं म्हणणं होतं. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना त्याच जागी उभ्या राहिलेल्या मनोऱ्यांत ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. शेलू-वांगणीचा वाद तेव्हा सुटलेला नव्हता.